वारं आहे तोवर

डिसेंबर उजाडला की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांना एक ठरलेला मथळा सापडतो : 'राज्य गारठले'. त्याखाली वेण्णा तलावाच्या जेटीवर पांढरी साय धरल्याचा फोटो असतो आणि शेजारी चौकटीत शहरांची नावं व किमान तापमानाचे आकडे. पुण्याचा, ठाण्याचा, डोंबिवलीचा वाचक ती चौकट चहाबरोबर वाचतो, 'महाबळेश्वरला काय कडाका असेल!' असं म्हणतो, स्वेटरची बाही खाली ओढतो आणि पान उलटतो. मी छत्तीस वर्षं एका राष्ट्रीयीकृत बँकेत काढली. आकड्यांचा रकाना दिसला की तो आधी वरून खाली आणि मग खालून वर वाचायचा, ही खोड हाडात मुरलेली आहे. म्हणून सांगतो, ती चौकट एकदा नीट वाचा. ऐन कडाक्यात कितीतरी दिवस असे निघतील, की निफाडचा आकडा सर्वांत खाली, त्याच्या आसपास नाशिक, जळगाव, पुणे; आणि महाबळेश्वर मात्र पुण्यापेक्षा दोन-चार अंशांनी वर!

आता हिशेब करून पाहा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण साडेअठराशे फुटांवर आहे, महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर. हजार मीटर वर चढलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते, हे शाळेतल्या भूगोलानं आपल्याला शिकवलेलं. त्या दरानं महाबळेश्वर पुण्यापेक्षा पाच अंशांनी थंड असायला हवं. ताळेबंदात एवढा फरक निघाला असता तर आमच्या ऑडिटरनं रात्रभर बसवून ठेवलं असतं. हा फरक कुठे जिरतो, हे मला पुस्तकांपेक्षा एका घरानं शिकवलं.

२०१९ साली मी निवृत्त झालो आणि फंडातली बरीच रक्कम घालून पाचगणीच्या पुढे, महाबळेश्वरच्या वाटेवर, डोंगराच्या उत्तर कडेला एक जुनं घर घेतलं. जांभ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली कृष्णेचं खोरं दिसतं, धोम धरणाचं पाणी दिसतं आणि पलीकडे मांढरदेवीचा डोंगर. शेजारी वीस गुंठे स्ट्रॉबेरी करणारं एक शेतकरी कुटुंब आहे. त्या घरातल्या कर्त्या पुरुषाला सगळी वाडी 'आबा' म्हणते, म्हणून आम्हीही आबाच म्हणतो. कादंबरी लिहायला निवांत जागा हवी, असं मी सगळ्यांना कारण सांगितलं होतं. खरं कारण एवढंच, की आयुष्यभर बदलीच्या गावी भाड्याच्या घरांत राहिलेल्या माणसाला एकदा स्वतःच्या खिडकीत उभं राहायचं होतं. त्या खिडकीतून काय काय आत येतं, ते पहिल्या जानेवारीत कळलं.

आपल्या महाराष्ट्रातली थंडी ही इथली नव्हेच, ती पाहुणी आहे आणि फार लांबून येते. भूमध्य समुद्राकडे हवेच्या कमी दाबाचा एक पट्टा तयार होतो. तो पूर्वेकडे सरकत इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून काश्मीर-हिमाचलवर येऊन आदळतो. याला हवामानखातं 'पश्चिमी विक्षोभ' म्हणतं. तो आला की पहाडांत बर्फ पडतं, पंजाबात पाऊस पडतो. तो पुढे सरकला की त्याच्या पाठीमागून कोरडी, थंड हवा खाली घुसते आणि राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश असा प्रवास करत आपल्यापर्यंत पोचते. सायबेरियाची खरी मारक हवा हिमालय अडवतो. आपल्याकडे येते ती त्या मानानं सौम्य. तरी १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात पारा १.७ अंशांवर उतरला होता आणि २२ जानेवारी १९६२ रोजी चक्क मुंबईत ७.४ अंशांची नोंद झाली होती. पाहुणी सौम्य असली तरी एखाद्या वर्षी मुक्काम वाढवते.

डोंगरावर तिची चाहूल आधी लागते. एक-दोन दिवस आभाळावर पिंजलेल्या कापसासारखे ढग असतात, हवा जरा कोंदट वाटते, रात्री पांघरूण नकोसं होतं. मग एका दुपारी वारा दिशा बदलतो. ढग पुसून जातात. हवा इतकी स्वच्छ होते की मांढरदेवीचा डोंगर चार मैल जवळ सरकल्यासारखा दिसतो. पाहुणे मंडळी 'वा, काय व्ह्यू आहे!' म्हणून कॅमेरे काढतात आणि आबा त्याच वेळी शेतातल्या पंपाकडे जाऊन व्हॉल्व बघून येतात. संध्याकाळपर्यंत वारं सुटतं.

महाबळेश्वर-पाचगणीकडची घरं बांधली गेली ती पावसाशी सामना करायला. इथला पाऊस पश्चिमेकडून, कोकणातून चढून येतो. त्यामुळे आमच्या घराची पश्चिमेची भिंत जाड, तिकडच्या खिडक्या लहान, वर पत्र्याची झाप आणि पावसाळ्याआधी तिकडेच गवताच्या ताट्या बांधायच्या. जुन्या गवंड्यानं सगळा बंदोबस्त त्या बाजूनं केला. उत्तरेला स्वयंपाकघर, कारण तिकडे उजेड चांगला. आणि थंडीचा वारा येतो तो नेमका उत्तरेकडून! कृष्णेच्या खोऱ्यावरून मोकळा धावत येतो, कडा चढतो आणि थेट स्वयंपाकघराच्या दाराशी. किल्ल्याचा पुढचा दरवाजा भक्कम असावा आणि शत्रूनं न्हाणीघराच्या मोरीतून आत यावं, तसला प्रकार.

पहिल्या रात्री आम्ही दोघांनी घरातल्या फटी मोजल्या. सौ. उदबत्ती घेऊन पुढे आणि मी जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या घेऊन मागे. धूर आडवा झाला की तिथे फट. दाराखाली, बिजागरीशी, खिडकीच्या चौकटीत, कौल आणि वाशाच्या मध्ये. बावीस फटी निघाल्या. बँकेत असताना मी शिलकेतली एक रुपयाची तफावत शोधायला रात्री दहापर्यंत थांबलेलो आहे, पण इतकी एकाग्रता तिथेही लागली नव्हती. सगळं बुजवून झाल्यावर सौ. म्हणाली, "अहो, आता श्वास कुठून घ्यायचा तेवढं सांगा."

त्या वाऱ्याचा आवाज ज्यानं ऐकलेला नाही त्याला सांगणं अवघड आहे. सिल्व्हर ओकची झाडं समुद्रासारखी गाजत राहतात. कौलं दातांसारखी वाजतात. विजेच्या तारा शिट्टी घालतात. ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफर्ट यानं १८०५ साली वाऱ्याची प्रतवारी तयार केली. पुढे तिला जमिनीवरच्या खुणा जोडल्या गेल्या : पानं हलली तर ही पायरी, डहाळ्या हलल्या तर ती. तारा शिट्टी घालू लागल्या आणि छत्री धरवेना झाली की सहावी पायरी, म्हणजे ताशी चाळीस ते पन्नास किलोमीटर. त्या तक्त्यानं आमच्याकडचं वारं तीन-तीन दिवस पाचव्या-सहाव्या पायरीवर बसून असतं.

अंगाला जी थंडी वाजते ती या वाऱ्याची. आपलं शरीर स्वतःभोवती उबदार हवेचं एक पातळ अस्तर धरून असतं. वारा ते अस्तर सतत ओरबाडून नेतो आणि शरीराला पुन्हा पुन्हा नवं करावं लागतं. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघा अमेरिकनांनी अंटार्क्टिकावर एका नळकांड्यात पाणी ठेवलं, ते वाऱ्यात गोठायला किती वेळ लागतो हे मोजलं आणि १९४५ साली आपला हिशेब प्रसिद्ध केला. त्याच वाटेनं पुढे तयार झालेल्या आजच्या कोष्टकाप्रमाणे तापमापक दहा अंश दाखवत असेल आणि वारा ताशी चाळीस किलोमीटरनं वाहत असेल, तर उघड्या चेहऱ्याला ती थंडी सहा अंशांची लागते. म्हणजे चौकटीत दहा छापलेले असतात आणि नाक सहा सांगत असतं.

या वाऱ्याला मी पहिल्या वर्षी मनसोक्त शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा दुधाचा तांब्या घेऊन आले तेव्हा त्यांच्यासमोरही घातल्या. ते ओट्यावर टेकले, कानावरचं मुंडासं जरा सैल केलं आणि म्हणाले, "सायेब, वारं हाय तवर भ्याचं काम न्हाई. वारं पडलं म्हंजी मातर जागं ऱ्हायचं."

त्या एका वाक्यात चौकटीतल्या आकड्यांचं सगळं कोडं सुटतं. रात्री जमीन आपली दिवसाची ऊब आकाशाकडे सोडून देते. ढग नसले की ही ऊब अडवायला कोणीच नसतं. जमीन गार होते, तिला चिकटलेली हवा गार होते, आणि गार हवा जड असल्यामुळे ती पाण्यासारखी उताराला लागते. डोंगराच्या खांद्यांवरून ओघळत ती खोऱ्यात, वाटीत, खळग्यात जाऊन साचते. म्हणून निफाड गारठतं, पुण्याची वाटी गारठते, महाबळेश्वरातही गावापेक्षा वेण्णा तलावाचा आणि लिंगमळ्याचा सखल भाग गोठतो. उघड्या माथ्यावर मात्र वारा ही हवा साचू देत नाही. वरची जरा उबदार हवा खाली आणतो, ढवळत राहतो. माणसाला तो बोचतो, पण पिकाला राखतो. ज्या रात्री वारं पडतं, आभाळ स्वच्छ असतं आणि झाडाचं पान हलत नाही, ती रात्र आपल्याला सुखाची वाटते आणि तीच शेतकऱ्याची वैऱ्याची रात्र असते.

स्ट्रॉबेरी हे हौसेचं फळ आहे असा शहरी समज आहे. क्रीमबरोबर खायचं, फोटो काढायचा. तिच्यामागचा खर्च बँकेच्या माणसाला विचारा. मातृरोपं परदेशातून यायची, पावसाळ्यात त्यांच्यापासून रोपवाटिकेत रोपं करायची, सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यांवर लावायची, खाली काळा कागद अंथरायचा, ठिबकच्या नळ्या टाकायच्या. एकरी वीस-बावीस हजार रोपं. पैसा सगळा आधी जातो आणि परत येतो तो नोव्हेंबरअखेरपासून मार्चपर्यंत, पेटी-पेटीनं. मधल्या काळात पाढऱ्या फुलांवर सगळा संसार उभा असतो. या फुलाच्या मध्ये पिवळा डोळा असतो. हिम पडलं की पाकळ्या पांढऱ्याच राहतात, पण डोळा काळा पडतो. दुरून पाहणाऱ्याला बाग फुललेलीच दिसते. आज काळं पडलेलं फूल म्हणजे महिन्याभरानं रिकामी राहणारी पेटी.

मागच्या जानेवारीतली गोष्ट. तीन दिवस वारं घोंघावत होतं. चौथ्या दिवशी रात्री साडेआठच्या सुमारास जेवताना एकदम काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कौलं वाजत नव्हती. सौ.नं हात धुतले आणि मागचं दार उघडलं. चांदण्या इतक्या खाली आल्या होत्या की हातानं काढाव्यात. आबांच्या शेतात बॅटरी फिरत होती.

हिमापासून पीक वाचवायचा खात्रीचा उपाय म्हणजे पहाटे पाणी सोडणं. ऐकायला विचित्र वाटतं, पण पाणी गोठताना ऊब सोडतं. एका ग्रॅमला ऐंशी कॅलरी. तुषारांनी फूल भिजत ठेवलं तर बर्फाच्या कवचाच्या आतही फूल शून्याच्या आसपास तगून राहतं. अट एकच, ऊन येऊन बर्फ वितळेपर्यंत पाणी थांबता कामा नये. आणि त्या आठवड्यात शेतीपंपाच्या थ्री फेज विजेची पाळी दिवसाची होती. रात्री पंप चालणार नव्हता.

आबांनी कपाळाला हात लावला नाही. त्यांनी शेताचा उतार बघितला. वरच्या वाफ्यांना फारसा धोका नव्हता. थंडी साचणार होती ती खालच्या सहा वाफ्यांत, बांधाच्या कोपऱ्यात. आधी बांधाच्या खालच्या अंगाला ताल फोडून हवेला वाट करून दिली, जसं साचलेल्या पाण्याला करतात. मग त्यांची सून आमच्या दारात आली. "काकू, जुन्या साड्या असतील तर द्या की. उद्या धुऊन आणून देते."

सौ.नं कपाट उघडलं. आठ साड्या आणि दोन चादरी निघाल्या. त्यांतली एक आमच्या लेकीच्या बारशाची होती. मी तिच्याकडे पाहिलं, तर ती म्हणाली, "बघताय काय, घड्या मोडा." वाडीतल्या घराघरांतून साड्या आल्या, कोणाच्या सुती, कोणाच्या नायलॉनच्या. कारवीच्या काठ्या वाकवून त्यांवर आम्ही त्या अंथरल्या. रात्री साडेअकरापर्यंत चार वाफे झाकून झाले. दोन उघडे राहिले. साड्या संपल्या होत्या.

सकाळी साड्या पापडासारख्या कडक झाल्या होत्या. सूर्य वर येईपर्यंत आबांनी कोणाला हात लावू दिला नाही. मग त्यांनी एक टोक उचललं. आतली फुलं पिवळ्या डोळ्यांची होती. सगळी नव्हेत, कडेची काही गेली होती. पण बरीचशी वाचली. उघड्या दोन वाफ्यांत एकही सांगण्यासारखं फूल उरलं नव्हतं. त्या सकाळच्या पेपरात महाबळेश्वरचं किमान तापमान दोन आकडी छापलेलं होतं.

पेपरातला तो आकडा खोटा नव्हता, हे मात्र स्पष्ट सांगायला हवं. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या झडपांच्या एका लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर ठेवतात. ऊन, पाऊस आणि जमिनीची धग यांपासून तो सुरक्षित राहावा म्हणून. जगभर हीच पद्धत आहे, नाहीतर एका गावची तुलना दुसऱ्याशी करताच येणार नाही. ही पेटी एकोणिसाव्या शतकात तयार केली थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश दीपगृह-अभियंत्यानं. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा त्याचा मुलगा. बापानं हवा पेटीत घालून नेमकी मोजली आणि मुलानं वादळात जहाजं सोडली; कादंबरीकार म्हणून मला या जोडीचं फार अप्रूप वाटतं. पण फूल पेटीत राहत नाही. ते जमिनीपासून वीतभर अंतरावर, उघड्या आभाळाखाली असतं, आणि शांत रात्री तिथलं तापमान पेटीतल्यापेक्षा कितीतरी अंशांनी खाली जातं.

नुकसानीचा प्रश्न इथून सुरू होतो. हवामानावर आधारित पीकविम्यात भरपाई ठरते ती नेमून दिलेल्या हवामान केंद्रातल्या नोंदीवर. त्याला कारणंही आहेत. प्रत्येक बांधावर जाऊन पंचनामा करायचा तर वर्ष पुरायचं नाही, आणि त्यात काय काय शिरेल ते मी बँकेत बसून पाहिलेलं आहे. तरीही केंद्र माथ्यावर आणि शेत खळग्यात असलं, की कागदावर थंडी पडलेलीच नसते. २०१२ साली केंद्र सरकारनं थंडीची लाट आणि हिम यांचा मदतीस पात्र आपत्तींच्या यादीत समावेश केला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण यादीत नाव येणं आणि बांधापर्यंत मदत येणं यांत किती टेबलं असतात, हे त्या टेबलांमागे बसलेल्या माणसानं तुम्हाला वेगळं सांगायला नको. उपाय अवघड नाही. केंद्रं वाढवावीत आणि ती नुसती रस्त्याच्या सोयीनं न बसवता माथा, उतार आणि खळगा असा विचार करून बसवावीत. आणि थंडीच्या लाटेचा इशारा हवामानखातं चार दिवस आधी देतंच, तर त्या चार रात्री शेतीपंपाची वीज पहाटे द्यावी. याला पैसा लागत नाही, एका खात्यानं दुसऱ्या खात्याचं पत्रक वाचायला लागतं.

नोकरीच्या सुरुवातीला मी नाशिक जिल्ह्यातल्या एका शाखेत शेतीकर्जं पाहत होतो. जानेवारीत रात्री मोटारसायकलवरून परतताना द्राक्षबागांच्या बांधांवर शेकोट्या दिसायच्या. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून माणसं पालापाचोळा जाळून रात्र जागवायची. कर्जाच्या अर्जात जमीन, विहीर, बैल, जामीनदार या सगळ्यांना रकाने होते. जागलेल्या रात्रींना नव्हता. एका म्हाताऱ्या बागाईतदारानं मला विचारलं होतं, "साहेब, तुमच्या व्याजाला झोप लागते का हो?" त्याच्या आवाजात राग नव्हता. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

आता आमच्या त्या उत्तरेच्या खिडकीकडे पुन्हा या. रात्री खाली वाईच्या अंगाला उसाच्या फडांच्या कडेनं बारीक बारीक जाळ दिसतात. नोव्हेंबरपासून तिथे ऊसतोडीच्या टोळ्या उतरलेल्या असतात, बहुतेक बीडकडच्या. बांबू, पाचट आणि प्लॅस्टिकच्या कागदाच्या कोप्या. वरून फार सुंदर दिसतं, दिवाळीसारखं. पण मघाचा हिशेब इथेही लावा. आमच्या डोंगरावरची सगळी थंड हवा ओघळून जाते कुठे? तिथेच. आम्ही जांभ्याच्या भिंतींत बावीस फटी बुजवून, गोधडीत शिरून 'काय गारठा आहे' म्हणतो, तेव्हा खोऱ्याच्या तळाशी, पाटाच्या कडेला, ओलसर जमिनीवर निजलेल्या लेकरांना आमच्यापेक्षा जास्त थंडी पोचलेली असते. पहाटे चार-पाचला ती माणसं दवानं भिजलेल्या उसात कोयता घेऊन उतरतात. त्यांनी घेतलेली उचल कुठल्या बँकेच्या खातेवहीत दिसत नाही, आणि त्यांची थंडी कुठल्या चौकटीत येत नाही.

गेली दोन वर्षं आमच्या वाडीतली आणि पाचगणीतली काही मंडळी डिसेंबरात तिथे जातो. सुरुवातीला सगळ्यांना सुचतं ते ब्लँकेट. तिथल्या एका बाईनं सौ.ला सांगितलं, "ताई, पांघरायला काय, कायबी पांघरतो. खालून गार लागतंय त्याचं बघा." तेव्हापासून आम्ही जाड ताडपत्री आणि अंथरायला पोत्यांच्या शिवलेल्या पट्ट्या नेतो. हे फार मोठं काम आहे असं नाही. पण थंडी वरून येत नसून खालून येते, हे त्या बाईला माहीत होतं आणि आम्हा शिकलेल्यांना ते तिथे जाऊन कळलं.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठीही दोन गोष्टी सांगतो, कारण रविवारचा पेपर घरातले सगळे वाचतात. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. साठीच्या पुढच्या माणसांनी पहाटेच्या फिरण्याचा पराक्रम दोन महिने पुढे ढकलावा आणि ऊन अंगावर आल्यावर बाहेर पडावं. आणि दारं-खिडक्या बंद करून खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. वारा आत येऊ नये म्हणून आपण ज्या फटी बुजवतो, त्यांतली एक मुद्दाम उघडी ठेवायची असते. आमच्याकडे बाविसातल्या एकवीसच बुजलेल्या आहेत.

हे सगळं लिहितोय त्यामागे घरातला एक वादही आहे. सौ.ला दम्याचा त्रास आहे. वाऱ्याचे दिवस तिला जड जातात. लेक पुण्यात असते, आणि दर जानेवारीत तिचा फोन येतो : "बाबा, आता पुरे. आईला घेऊन खाली या." चौकट दाखवून मी तिला सांगू शकतो की बाळ, तुझ्या पुण्यातच थंडी जास्त आहे. पण ती बोलते ते तापमानाबद्दल नसतं. रात्री-अपरात्री काही झालं तर घाट उतरून वाईपर्यंत जायला किती वेळ लागेल, हा तिचा हिशेब आहे, आणि तो चोख आहे. मी सौ.ला म्हटलं, तू ठरव. ती म्हणाली, "या वर्षी नाही. पुढच्या वर्षी डॉक्टर म्हणतील तसं करू." मग लेकीला फोनवर सांगितलं, की जानेवारीचे तीन आठवडे तिच्याकडे येऊन राहीन, आणि फेब्रुवारीत परत वर जाईन. लेक म्हणाली, "तीन नाही, चार." साडेतीनवर तडजोड झाली.

मी मात्र वरच राहणार आहे. स्वयंपाकघराच्या दाराला आतून दुसरं दार बसवायला सुतार सांगितला आहे. मागच्या खेपेच्या साड्या आबांच्या सुनेनं धुऊन, घड्या घालून परत आणून दिल्या होत्या; सौ.नं त्या कपाटात न ठेवता मागच्या दाराजवळच्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आहेत, हाताशी असाव्यात म्हणून. पुण्याला जाताना तिनं मला पेटीची किल्ली आणि सूचना दोन्ही दिल्या : कौलं वाजायची थांबली की जेवत असलात तरी उठायचं.

तुम्ही या बाजूला आलात तर अवश्य या. कानटोपी आणा, स्ट्रॉबेरी मात्र घासाघीस न करता घ्या. आणि हवा किती गार आहे असं कोणाला विचारायचंच असेल, तर नुसते अंश विचारू नका. वारं आहे की पडलं, तेवढं विचारा.